झिराईच्या लेकी

पातूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८६

सौ. रमेस आशीर्वाद.

तुझ्या दादांनी, मोरोपंतांनी, हे पत्र तुझ्या आधी उघडले असेल तर त्यांना साष्टांग नमस्कार आणि एक विनंती, की इथेच थांबावे. पुढे त्यांच्या वकिलीच्या कामाचे काहीही नाही.

कुंदाच्या लग्नाला म्हणून तू गेलीस. तुझी भाची एव्हाना सासरी रुळलीही असेल, पण तू काही माहेरून हलत नाहीस. 'तुम्ही अमरावतीस या, मी त्या तापाच्या गावात पुन्हा पाऊल टाकणार नाही,' हा तुझा निरोप पोचला. तुझ्या दादांनी तिथल्या नव्या शाळेत माझ्यासाठी जागा बघितली आहे आणि ती पाडव्यापर्यंत राखून ठेवली आहे, हेही कळले. या विषयावरचे भांडण पत्रातून करण्यात राम नाही. समोर बसून करू. तुझा आवाज चढला की मला उत्तरे सुचतात.

आज निराळेच सांगायचे आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? इथे कुणालाही काही सांगायला जा, तो कापसाचा भाव सांगतो. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे आमच्या खुशालराव पाटलाने बैलांच्या शिंगांना चांदी मढवली! अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिवसभर तुटत नाही. त्या सगळ्या गाड्यांचे बैल झिराईच्या डोहावर पाणी पितात. मार्गशीर्षातच डोहाचा तळ दिसू लागला आहे.

डोह आटतो आहे म्हटल्यावर हे पाणी येते तरी कुठून, ते बघायची मला हुक्की आली. झिराईदेवीच्या तांदळ्यामागे, त्या शेंदरी दगडामागे, कपारीत एक भोक आहे, तुला ठाऊक आहे. पाटलाची आई पार्बताबाई देवीची पूजा करत बसली होती. मी धोतर खोचून वाकलो तशी म्हणाली, "पंतोजी, तुमी कावून तिकडे घुसून राहिले? आत झिराईच्या लेकी हायेत. पांढऱ्या. त्यायले तरास नोका देऊ."

मी हसलो. पळसाची दिवटी पेटवून आत सरपटत गेलो. पुढे गुहा उंच होते, उभे राहता येते. काळा खडक, आणि मध्ये पाणी, इतके नितळ की पाय बुडाला तेव्हाच कळले की पाणी आहे. आणि त्या पाण्यात, रमे, सोललेल्या लसणीच्या पाकळीसारखे पांढरे काहीतरी चालत होते.

पोहत नव्हते. चालत होते. बोटभर लांब, पुढे दोन नांग्या, आणि मिशा अंगाच्या दुप्पट लांब. मी दिवटी अगदी जवळ नेली. माशाच्या अंगावर उजेड पडला तर तो सुळकन पळतो. हे जागचे हलले नाही. उजेड त्याच्या गावीच नव्हता. मग छतावरून एक थेंब पडला आणि तळभर पसरलेल्या त्या सगळ्यांच्या मिशा एकदम त्या थेंबाकडे वळल्या. माझ्या अंगावर जो काटा आला तो घरी येईपर्यंत गेला नाही.

बार्लो साहेब रेल्वेची मोजणी करायला इथे तळ देऊन होते, ते जाताना मला एक भिंग आणि जलचरांच्या चित्रांचे पुस्तक देऊन गेले ते आठवते ना? त्यात असाच एक प्राणी आहे. नद्यांत आणि गुहांतही राहणारा, नांग्यांचा, त्याला ते क्रेफिश म्हणतात. साहेब मला छातीठोक सांगत असत की हा हिंदुस्थानात नाही म्हणजे नाहीच. तो मला पातुरात सापडला! आजच त्यांना बडनेऱ्याच्या पत्त्यावर लिहितो.

एक सोबत आणला आहे. काचेच्या भांड्यात ठेवला आहे. भांडे पडवीत आहे, तुझ्या स्वयंपाकघरात नाही, शपथ. शिवल्यावर आंघोळही केली.

चिंतामण

*

पातूर, पौष शुद्ध द्वादशी

सौ. रमेस आशीर्वाद.

तुझे पत्र आले. दोन ओळी. 'थंडी आहे, बंडी घालावी. झिंगे घरात आणू नयेत.' दुसऱ्या ओळीने मला जमिनीवर आणले, कारण तुझे बरोबर आणि माझे चूक. तो झिंगाच आहे.

मागच्या पत्रात मी जी बढाई मारली ती मागे घेतो. साहेबांच्या पुस्तकातले चित्र मी घाईने पाहिले होते, मजकूर वाचलाच नव्हता. पोरांना या चुकीसाठी छडी देतो आणि स्वतः तीच करतो. भिंग लावून नीट पाहिले. चालायच्या पायांच्या पाच जोड्या. साहेबांच्या प्राण्याला पुढच्या तीन जोड्यांना नांग्या असतात, याला दोनच जोड्यांना. शिवाय याच्या पोटाकडच्या कड्यांतले दुसरे कडे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कड्यांवर चढलेले आहे, कौले चढवतात तसे. ही झिंग्याच्या कुळाची खूण. म्हणजे विलायती पाहुणा नव्हे, आपल्याच नदीतल्या झिंग्याचा नातलग.

पण कसला नातलग! तुला हे दाखवता आले असते तर काय हवे होते. त्याच्या अंगातून आरपार दिसते. पाठीखाली काळीज उडताना दिसते. खाल्लेला घास अंगातून सरकताना दिसतो. आणि डोळे? खेकड्याझिंग्यांचे डोळे देठावर असतात. याला दोन्ही देठ आहेत. देठाच्या टोकाला डोळाच नाही. गुळगुळीत, पांढरे, बंद. कधीकाळी याच्या पूर्वजाला डोळे होते, तो उजेडातून आत गेला, आणि किती पिढ्या गेल्या असतील ते देवच जाणे. रामाच्या आधीच्या की नंतरच्या? डोळा गेला आणि देठ राहिला.

याहून मोठे पुढे आहे. मी पुन्हा आत गेलो तेव्हा एक मादी पाहिली. नदीतल्या झिंगीच्या पोटाला खसखशीसारखी शेकडो अंडी चिकटलेली असतात. हिच्यापाशी ओंजळभर तर सोडाच, चिमूटभरही नव्हती. मोजकीच, पण मोहरीएवढी टपोरी. काचेच्या भांड्यात घेऊन तिला भिंगाखाली धरले. प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके होते. डोळे, रमे! जन्माला यायच्या आधी त्यांना डोळे येतात. मग जन्मतात, मोठे होतात, आणि डोळे परत घेतले जातात. कोण देतो, कोण काढून घेतो, आणि इतक्या अंधारात कुणाला हा हिशेब ठेवायची गरज पडली?

मादीला लगेच गुहेत सोडून आलो. पडवीतल्या भांड्यातला तोही तिच्यासोबत सोडला.

बार्लो साहेबांचे म्हणणे असे, की हा नदीच्या झिंग्याचाच आंधळा झालेला भाऊ आहे की वेगळाच आहे हे ठरले पाहिजे. वेगळा ठरला तर त्याला नाव मिळेल. त्यांच्या शास्त्रात आडनाव आधी येते आणि नाव मागून. कुळाचे आडनाव एकदा जुळले की नाव शोधणाऱ्याने सुचवायचे. माझ्या मते अंड्यांवरून तो वेगळा ठरलाच. इथल्या गावाने मात्र हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. मी पार्बताबाईला विचारले, "या मासे आहेत की झिंगे?" ती म्हणाली, "लेकी हायेत. सांगतलं ना एकदा?"

बंडी घातली आहे.

चिंतामण

*

पातूर, माघ वद्य तृतीया

सौ. रमेस आशीर्वाद.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली. पुढे जे आहे ते एकटीने बसून वाच.

बार्लो साहेबांचे उत्तर आले. एका नगाच्या वर्णनाने काही ठरत नाही, नर आणि माद्या मिळून निदान सहा पाठवा, दारूत घालून, बाटली सोबत धाडली आहे. ती बाटली घेऊन मी गुहेत गेलो. मारायचे म्हणून मन खात होते. पण शंभरांतले सहा घेतले तर काय, असे स्वतःला समजावले.

शंभर कुठले! तळ ओस पडला होता. कपारीच्या सांध्यात, खडकाला चिकटून, कसेबसे सातआठ उरले होते. एक अंडीवाली मादी त्यांत होती. मला वाटले, पाणी बिघडले. बोट बुडवून चाखले, गोड होते. मग पलीकडच्या काळोखातून काहीतरी सरसरत आले, पाणी ढवळले गेले, आणि खडकाला चिकटलेले एक पांढरे अंग दिसेनासे झाले.

मरळ. हातभर लांब, मनगटाएवढी जाड मरळ.

मी धावत बाहेर आलो आणि पार्बताबाईवर ओरडलो. ती शांतपणे वात वळत होती. तिने जे सांगितले ते तुला ठाऊकच आहे. मला या गावात इतकी वर्षे काढून ठाऊक नव्हते, कारण बायकांच्या नवसात मी नाक खुपसत नाही. कुणी मरणाच्या दारात असला की घरची बाई झिराईला मरळ वाहते. माशाच्या ओठात स्वतःच्या नाकातले सोने घालते आणि डोहात सोडते. तो मासा कुणी धरत नाही, कुणी खात नाही.

"मंग आत कशी आली ती?" मी विचारले. वैताग आला की माझ्याही तोंडी त्यांचीच बोली येते.

"डोह आटून राहिला, पंतोजी. गाड्यायच्या बैलायनं सारं पानी पेऊन टाकलं. मासोया मरून राह्यल्या होत्या. ही एक जिती होती, तं आमी घमेल्यात घेऊन आत सोडली. पुण्याचंच काम केल्लं ना?"

"अवो बाई, ती लेकी खाऊन राहिली!"

पार्बताबाईने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच खुळा. "देवाची मासोयी देवाच्या लेकीले खाईन? काहीतरीच! लेकी आत गेल्या असतीन, झिराईपाशी."

यात वाद काय घालणार? मी पाटलाच्या घरून बांबूची पाटी आणली, आत गेलो आणि मरळ कोपऱ्यात कोंडून पाटीखाली दाबली. ती काढून नदीत सोडायची, एवढेच डोक्यात होते. दिवटी खडकाच्या फटीत खोचली होती. माशाचे तोंड उजेडात आले आणि ओठात सोने चमकले.

ती नथ मी ओळखतो. तांबडा खडा मध्ये, आणि दोन मोत्यांतला एक थोडा चपटा. अकोल्याच्या सोनाराकडे मीच त्यावरून भांडलो होतो. तू दसऱ्याला नथ घातली नाहीस तेव्हा मी विचारले, आणि तू म्हणालीस, फासा तुटला, दादांकडे दुरुस्तीला दिली.

माझ्या हातातून पाटी सुटली. मरळ काळोखात गेली.

बाहेर आल्यावर पार्बताबाई मला एवढेच म्हणाली, "रमाबाईची व्हय थे. तिले हात नोका लावू. नवसाची मासोयी जिती तोवर मानूस जिता."

तो माणूस कोण, रमे?

चिंतामण

*

पातूर, फाल्गुन शुद्ध षष्ठी

सौ. रमेस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. खरे सांगायचे तर उभ्याउभ्या वाचायला घेतले होते, मग ओट्यावर बसलो.

'गेल्या भाद्रपदात तापात तुम्ही मला ओळखेनासे झालात. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा मी झिऱ्यावर गेले. तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही बरे होऊन पहिले काम मला हसण्याचे केले असते. मासा काढायचा नाही. तुमचे ते झिंगे मेले तर मरू देत. मी त्या गावात तुमचे मरण पाहिले आहे, म्हणून येत नाही. दादांच्या घरच्या सुखासाठी नव्हे.'

तू बरोबर ओळखलेस. मी हसलो असतो. आणि इथे मी समजत होतो की तुला अमरावतीची हवा लागली. दिवाळीपासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतो आहे. ते सगळे वाया गेले. तुझ्या नाकाला नथ नाही म्हणून तिकडे तुझी वहिनी काय काय बोलत असेल, तेही आज लक्षात आले. मला तुझी फार आठवण येते. हे मोरोपंतांनी वाचले तरी चालेल.

आता माशाचे. मला शास्त्रार्थ करता येईल. मरळीच्या श्वासाचा आणि माझ्या श्वासाचा काही संबंध नाही, हे मी फळ्यावर लिहून सिद्ध करीन. पण त्याने काय होणार? मासा काढला आणि दुसऱ्या दिवशी मला साधी शिंक आली तर तू अन्न सोडशील. ते मला बघवणार नाही. म्हणून तुझ्या शब्दावाचून मी त्या माशाला हात लावणार नाही. साहेबांनाही कळवून टाकले, की एकही पाठवत नाही. नाव न मिळाले तरी ते आजवर राहिलेच आहेत. बाटली रिकामी पडली आहे.

फक्त तू म्हणतेस तसे 'मरू देत' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मध्ये बांबूची ताटी बसवून पाहिली, मरळीने तिच्या खालून वाट काढली. आता पाच दिसतात. मादी अजून आहे. हे दुसऱ्या कुठल्या झऱ्यात असतील का? मी आसपासच्या पाचसहा विहिरी आणि पातूरच्या लेण्यांतली टाकीसुद्धा बघून आलो. कुठेही नाहीत. सबंध पृथ्वीवर या एका खोलीएवढ्या पाण्यात ही जात आहे, असे वाटू लागले आहे. त्यांच्या घरात पहिला डोळे असलेला जीव शिरला तो आपला.

एकदा येऊन बघून जा. मग सांगशील ते करीन. 'नको' म्हणालीस तर ताटीसुद्धा काढून टाकीन आणि अमरावतीला येईन, पाडव्याच्या आत. शब्द देतो.

चिंतामण

*

पातूर, फाल्गुन वद्य दशमी

सौ. रमेस आशीर्वाद.

तुझे उत्तर नाही. डाक चुकली असेल. पाडवा जवळ आला.

अक्षर वाकडे आले आहे ते टाकामुळे, टाक बदलायला हवा. जरा कणकण आहे, विशेष काही नाही. काळजी नसावी. पार्बताबाई पेज पाठवते. तीन उरल्या. मादी

चिं.

*

पातूर, चैत्र वद्य चतुर्थी, शके १७८७

तीर्थरूप दादांचे चरणी रमेचा दंडवत.

गाडी आणि गडी परत पाठवते आहे, सोबत हे पत्र. मी न सांगता निघाले त्याबद्दल रागवावे, पण वहिनींवर नको. त्यांनी मला अडवले होते. यांचे शेवटचे पत्र तुम्हीही वाचलेत. मादी असे लिहून ज्याचा हात थांबतो त्याला नुसती कणकण नसते.

मी आले तेव्हा हे पडवीत गोधड्यांखाली होते. हिवताप. दात वाजत होते. मला पाहून म्हणाले, "पाडवा झाला का?" मी म्हटले, "झाला, आणि तुम्ही शब्द मोडलात." त्यांनी मान हलवली. तापावरचे कडू औषध, बार्लो साहेबांनी दिलेले कोयनेल, घरात होते, ते घ्यायचेही हे विसरले होते. ते दिले, कपाळावर पट्टी ठेवली, आणि पार्बताबाईंना घेऊन मी तशीच झिऱ्यावर गेले. दादा, खरे सांगते, मी झिंग्यांसाठी गेले नव्हते. मासा जिवंत आहे ना, एवढेच मला बघायचे होते.

आत जाताना गुडघे फुटले. पार्बताबाईंनी दिवटी धरली. मरळ होती. पाण्यात उभ्या लाकडासारखी स्थिर होती, आणि तिच्या ओठात माझे सोने होते. मला रडू आले. मी हात जोडले. म्हटले, आहे, म्हणजे हे वाचतील.

पाण्यात हात टेकून उठू लागले तोच माझ्या मनगटाला काहीतरी लागले. कुणी केसाने स्पर्श करावा तसे. मी हात हलवला नाही. पांढरी, बोटाएवढी ती, खडकाच्या सांध्यातून बाहेर आली होती. तिने आपल्या लांब मिशांनी माझे मनगट चाचपले, मग बांगड्या, एकेक करून, मग तळहात. तिला दिसत नव्हते मी कोण ते. घाई नव्हती, भीती नव्हती. आणि तिच्या पोटाखाली ती टपोरी अंडी होती, आणि ती पायांनी त्यांना सारखा वारा घालत होती. काळोखात, जिथे तिला बघणारे कुणी नाही, तिथे ती आपल्या पिलांना वारा घालत होती. दादा, मी देवळांतून पुष्कळ फिरले आहे. असे मला कुठे झाले नव्हते. हे तीन महिने पत्रांतून जे ओरडून सांगत होते ते एवढेच होते, आणि मी त्यांना बंडी घाला म्हणून लिहीत होते.

तेवढ्यात मरळ वळली. तिने पाणी जोखले आणि माझ्या हाताच्या दिशेने निघाली.

विचार करायला वेळ नव्हता. विचार केला असता तर घरी ताप अंगात घेऊन पडलेले हे आठवले असते आणि मी हात आखडला असता. मी पदर पाण्यात टाकला आणि मरळीला त्यात गुंडाळून छातीशी धरले. तिने असा हिसडा दिला की मी पाठीवर पडले, पण सोडली नाही.

पार्बताबाई किंचाळल्या, "रमाबाई! काय करून राहिल्या? नवस मोडून राहिला!"

मी म्हटले, "मोडत नाही. नवस काय बोलले होते मी? झिराईच्या पाण्यात मासा ठेवीन. पाणी झिराईचेच राहील. डोहात काय नि रांजणात काय!"

त्यांनी दिवटी खडकाच्या फटीत खोचली. मग म्हणाल्या, "हे काहून सुचलं नाई आमाले?" आणि त्यांनी बाहेरून पूजेची घागर आणून बुडवली. अंडीवाली ती पांढरी सांध्यात परत गेली होती. जाताना पार्बताबाईंनी वाकून पाहिले, लेकी किती उरल्या ते मोजले, आणि देवीपुढे नाक घासले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माहीच चूक. माह्या लेकानं डोहावर गाड्या थांबवल्या, मी मासोयी टाकली." आता डोहावर त्या स्वतः काठी घेऊन बसतात. बैल कोणाचेही असोत, पाटलाचे असोत, खालच्या ओढ्यावर पाठवतात.

घरी आले. मासा रांजणात सोडला आणि यांच्या उशाशी बसले. रांजणात तो खळबळला की माझा हात यांच्या कपाळावर जाई. मासा तळाशी गप्प झाला की मी उठून रांजणात बघत असे. मी काय केले आहे, कुणाचा जीव पणाला लावून केले आहे, हे तेव्हा मला कळले. यांना मी तसे सांगितले, की मासा काढला. यांनी तापातच माझा हात धरला. मग म्हणाले, "माझ्यासाठी?" मी म्हटले, "नाही. तिच्यासाठी." यांनी डोळे मिटले आणि यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आले.

पाचव्या दिवशी ताप उतरला. नवसाने की कोयनेलने, यावर आमचे भांडण सुरू आहे, आणि ते चांगले चालले आहे. काल हे काठी टेकत झिऱ्यापर्यंत जाऊन आले. पिले बाहेर पडली आहेत, म्हणतात. आईच्या पोटाला धरून फिरतात, तांदळाच्या कणीएवढी. ठिपके अजून आहेत. यांना ते जातात केव्हा हे बघायचे आहे.

शाळेची ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. तुमचा शब्द खाली पडला याचे वाईट वाटते. तिकडे कापसाचा भाव कोसळला असे गाडीवान सांगतात. तुम्ही त्यात फार गुंतला नसाल अशी आशा करते. वहिनींना सांगावे की माझी हिरवी इरकल त्यांनी नेसावी, मला इतक्यात लागणार नाही.

मी इथेच राहते आहे. मरळ रांजणात आहे, आणि तिला रोज झिऱ्याचे ताजे पाणी लागते, सकाळी एकदा, तिन्हीसांजेला एकदा. यांच्यावर सोपवले तर हे भिंग घेऊन तिचे खवले मोजत बसतील आणि पाणी बदलायचे विसरतील. पाऊस पडून डोह भरला की तिला पुन्हा डोहात सोडीन. तोवर हा जीव मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही.

तुमची,
रमा